इंजिन डिझेलचं, चाल पेट्रोलची

माझ्या एका मित्राकडे उंच बॉनेटची जुनी जीप आहे. विलीज कंपनीचं हे सीजे-३बी मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आलं. आपल्याकडे महिंद्राने परवान्यावर पुढे कित्येक वर्षं तेच बनवलं. वनखातं, पाटबंधारे, साखर कारखाना, पोलीस पाटलाचा वाडा, कुठे नव्हती ही जीप! मित्राच्या वडिलांनी ती लिलावात घेतली होती. पेट्रोल इंजिन लिटरला सात-आठ किलोमीटर द्यायचं आणि चढाला लागलं की तेवढंही नाही. शेवटी मित्राने ठरवलं, डिझेल बसवायचं. एका जुन्या पिकअपचं अडीच लिटरचं, टर्बो नसलेलं इंजिन मिळालं. त्या पिकअपमध्ये ते लिटरला चौदा द्यायचं, हे विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

जीपमध्ये बसल्यावर तेच इंजिन साडेदहा देऊ लागलं. वर साठच्या पुढे गाडीत बोलणं ऐकू येईना आणि पंच्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरला पोचली की अ‍ॅक्सिलरेटर पाटाला टेकवला तरी गाडी पुढे सरकायला तयार नाही. पंप उघडून झाला, नोझल बदलून झाले, एअर फिल्टर नवा टाकला. काही फरक नाही.

इंजिन तेच, डिझेल तेच, वजनही फार वेगळं नाही. मग लिटरमागचे साडेतीन किलोमीटर गेले कुठे?

डिझेल कमी का पितं?

आधी डिझेलला एवढं नाव का, ते बघू. कारणं तीन, आणि त्यातलं एक थोडं फसवं आहे.

पहिलं कारण दाबाचं. इंजिनच्या नळकांड्यात हवा किती दाबली जाते यावर जळण्यातून किती काम निघणार ते ठरतं. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा साधारण सात-आठ पट दाबली जायची. डिझेलमध्ये सतरा ते बावीस पट. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, तसंच हे. एवढी दाबली की हवा इतकी तापते की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं, ठिणगी लागत नाही. जास्त दाबलेला वायू प्रसरणही जास्त पावतो, म्हणजे तेवढ्याच उष्णतेतून पिस्टनला लांब ढकलतो.

दुसरं कारण श्वासाचं. पेट्रोल गाडीत तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर सोडता तेव्हा हवेच्या वाटेतली एक झडप मिटत जाते. इंजिन अर्धवट मिटलेल्या तोंडातून श्वास घेत राहतं. नाकावर जाड ओलं फडकं बांधून चालून बघा, म्हणजे कळेल. काम काही नाही, पण धाप लागते. जुन्या डिझेलमध्ये ही झडपच नसते. हवा पोटभर घ्यायची, डिझेल हवं तेवढंच टाकायचं. म्हणून गाडी रमतगमत चालवताना किंवा सिग्नलला उभी असताना डिझेल पेट्रोलपेक्षा फारच कमी पितं.

तिसरं कारण मोजमापाचं. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असतं. पेट्रोलच्या एका लिटरचं वजन पाऊण किलोच्या आत-बाहेर, तर डिझेलचं सव्वाआठशे-साडेआठशे ग्रॅम. वजन जास्त म्हणून लिटरमागची उष्णताही साधारण दहा-बारा टक्के जास्त. म्हणजे ‘लिटरला किती’ या हिशोबात डिझेलला हा भाग आयता मिळतो. इंजिनची त्यात काही हुशारी नाही.

खानावळीचा आचारी

आता मित्राच्या जीपकडे वळू. खानावळीत आचाऱ्याचा पगार, जागेचं भाडं आणि शेगडीचा पहिला जाळ हे खर्च दहा ताटं लागली तरी तेवढेच आणि चाळीस लागली तरी तेवढेच. दहा ताटांत एका ताटाचा खर्च अंगावर येतो, चाळीसमध्ये परवडतो. इंजिनचंही तसंच. इंजिनचा एक फेरा झाला की पिस्टन घासणं, तेल ढवळणं, पाण्याचा पंप फिरवणं हा ठरलेला खर्च झालाच, त्या फेऱ्यात काम थोडं होवो की पुष्कळ. फेरे वाढले की हा खर्च नुसता वाढत नाही, प्रत्येक फेऱ्यामागेही थोडा जास्त बसतो.

म्हणून काटकसरीचं सूत्र असं: कमी फेरे, प्रत्येक फेऱ्यात भरपूर काम. डिझेल इंजिन या कामाला जन्मजात चांगलं, कारण त्याची ओढ खालच्या फेऱ्यांतच भरते. पण त्याला कमी फेऱ्यांत ठेवायचं की नाही, हे इंजिनच्या हातात नसतं. ते ठरवतो गिअरबॉक्स, आणि त्याच्याही पुढे क्राऊन-पिनियन.

क्राऊन-पिनियन म्हणजे मागच्या (आणि फोर बाय फोरमध्ये पुढच्याही) अ‍ॅक्सलच्या पोटातली शेवटची दातेरी जोडी. या जीपमध्ये लहान पिनियनला ८ दाते आणि मोठ्या क्राऊनला ४३. म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक. पिकअपमध्ये ही जोडी बरीच लांब (म्हणजे आकडा लहान) असते आणि वर पाचवा गिअर. जीपचा गिअरबॉक्स तीनच गिअरचा: पहिला २.८०, दुसरा १.५५, आणि तिसऱ्यात इंजिनचा एक फेरा म्हणजे शाफ्टचा एक फेरा.

कागद-पेन्सिल घेऊ. सोळा इंची रिमवरचा साधा अरुंद टायर, २८ इंच उंच. एका फेऱ्यात तो साधारण २.२ मीटर जमीन कापतो. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे ४५५ फेरे, त्याला ५.३८ ने गुणलं की इंजिनचे जवळपास २४५०. ताशी ८० ला हाच आकडा ३२५० च्या वर जातो.

आणि हे जुनं डिझेल? त्याच्या पंपात गव्हर्नर नावाचा एक पहारेकरी असतो. ठरावीक फेऱ्यांवर तो डिझेलचा हात आखडता घेतो. मित्राच्या इंजिनात तो बसलाय ३२०० वर. ३२०० ला गाडीचा वेग येतो ताशी ७८ किलोमीटर. म्हणजे पंपही ठीक होता, नोझलही ठीक होते. एवढे दिवस ज्याला बिघाड समजत होतो तो साधा गुणाकार होता.

‘डिझेलला ओढ जास्त’ हे खरं का?

इथे एका लोकप्रिय समजुतीला हात लावतो. ‘डिझेल टाकलं की ओढ वाढते, मग गिअर कमी असले तरी चालतं’ असं गॅरेजच्या कट्ट्यावर हमखास ऐकू येतं. ओढीपुरतं बोलायचं तर टर्बोवाल्या नव्या इंजिनांबद्दल ते खरं आहे. जुन्या, टर्बो नसलेल्या इंजिनांबद्दल नाही.

जीपचं मूळ २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन ७० च्या वर अश्वशक्ती द्यायचं आणि त्याची ओढ, म्हणजे शाफ्टला पीळ देण्याची ताकद, १५-१६ किलोग्रॅम-मीटरच्या घरात होती. पुढे महिंद्राने आपल्या जीपगाड्यांत प्यूजोचं २.१ लिटरचं डिझेल बसवलं. ते ६२ अश्वशक्तीचं आणि ओढ १२ च्या आसपास. डिझेलची जास्तीत जास्त ओढ उलट कमी होती! कारण उघड आहे. टर्बो नसेल तर दोन्ही इंजिनांच्या पोटात हवा सारखीच मावते आणि डिझेलला त्यातली सगळी हवा वापरता येत नाही. तेवढं डिझेल टाकलं तर काळा धूर ओकेल.

मग ओढ जास्त वाटते कशामुळे? खालच्या फेऱ्यांत पाय टाकल्याबरोबर ती हाताशी असते आणि फेरे पडले तरी इंजिन लगेच मान टाकत नाही, यामुळे. पण वरची बाजू तोकडी. पेट्रोल ४००० पर्यंत खेचायचं, मित्राचं डिझेल ३२०० ला थांबतं. कामाचा पट्टा अरुंद, आणि अरुंद पट्ट्याच्या इंजिनाला गिअर जास्त लागतात. शिडीच्या पायऱ्या लांब-लांब असतील तर आखूड पायांच्या माणसाची पंचाईत होते. चढावर पहिल्या गिअरमध्ये ३००० पर्यंत ताणून दुसरा टाकला की फेरे पडतात १६६० वर. पुन्हा पहिल्यावर यावं, तर जुन्या जीपचा पहिला गिअर डबल क्लच केल्याशिवाय, म्हणजे क्लच दोनदा दाबल्याशिवाय, पडत नाही. तो पडेपर्यंत गाडीचा वेगही घसरतो. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात मागून एसटी हॉर्न वाजवत असताना हे सगळं करून बघावं.

एक दुखणं, दोन औषधं

तर ८० ला इंजिन ३२५० नव्हे, २६०० च्या आसपास फिरायला हवं. त्याला रस्ते दोन.

एक, क्राऊन-पिनियन बदलायची. ५.३८ काढून ४.२७ ची जोडी टाकली तर ८० ला फेरे येतात २५९०.

दोन, पाच गिअरचा गिअरबॉक्स टाकायचा, ज्याचा पाचवा ओव्हरड्राइव्ह असेल. ओव्हरड्राइव्ह म्हणजे इंजिनच्या एका फेऱ्यापेक्षा शाफ्टचा फेरा जास्त. पाचवा ०.८ असेल तर ८० ला फेरे येतात २६१०.

हायवेवर दोन्ही औषधांचा गुण एकच. मोटारगाडी असती तर जे स्वस्त मिळेल ते घ्या म्हणालो असतो. पण ही फोर बाय फोर आहे आणि तिचं खरं काम हायवेवर नाही.

जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक डबा असतो, ट्रान्सफर केस. तो ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना वाटतो आणि त्यात एक ‘लो’ असतो, या जीपमध्ये २.४६ चा. चिखलात, ओढ्यात, खडकावर पहिला गिअर आणि लो टाकला की इंजिनच्या किती फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो? २.८० गुणिले २.४६ गुणिले ५.३८, म्हणजे ३७. हा आकडा जितका मोठा तितकी गाडी गोगलगाईसारखी, ब्रेकला पाय न लावता, दगडावरून उतरते.

आता क्राऊन-पिनियन ४.२७ ची केली तर ३७ चा आकडा २९ वर येतो. हायवेवर जे कमावलं ते ओढ्यात गमावलं. शिवाय फोर बाय फोर आहे म्हणून एक नाही, दोन जोड्या बदलाव्या लागतात; पुढची आणि मागची नेमकी सारखी. एक ५.३८ आणि एक ४.२७ ठेवून फोर बाय फोर टाकलात तर पुढची चाकं एक म्हणतील, मागची दुसरंच, आणि ते भांडण ट्रान्सफर केसच्या दात्यांवर येईल.

पाच गिअरच्या डब्यात उलट आहे. त्याचा पहिला साधारण ३.६ चा असतो. ३.६ गुणिले २.४६ गुणिले ५.३८, म्हणजे जवळजवळ ४८. वर पाचव्यात इंजिन शांत आणि खाली पहिल्यात चाल आणखी सावकाश. दोन्ही टोकं सुधारतात, अ‍ॅक्सल उघडायची गरज नाही. माझं मत सरळ आहे: डिझेल बसवणार असाल तर इंजिन बघायला जाण्याआधी गिअरबॉक्स बघायला जा. गिअरबॉक्स मिळत नसेल तर इंजिनचा व्यवहार करू नका.

(अमेरिकेत याच जीपच्या ट्रान्सफर केसला मागून जोडायचा वेगळा ओव्हरड्राइव्ह मिळायचा, फेरे २५ टक्के कमी करणारा. इकडे कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये तो सापडला तर नशीब समजा.)

यात कटकट नाही असं नाही. या जीपचा मागचा शाफ्ट मधोमध जात नाही, ट्रान्सफर केसमधून उजवीकडे सरकून निघतो आणि मागचं डिफरन्शियलही तसंच उजवीकडे आहे. त्यामुळे कोणत्याही गाडीचा पाच गिअरचा डबा उचलून चालत नाही. मागे ट्रान्सफर केस नीट बसली पाहिजे, नाहीतर दोन्ही शाफ्ट वाकडे चालतात. इंजिन आणि डबा यांच्यामध्ये अडॅप्टर प्लेट लागते, ती लेथवर अचूक व्हायला हवी. केंद्र केसभर चुकलं तरी क्लचप्लेट आणि इनपुट शाफ्टचं बेअरिंग काही महिन्यांत आवाज देऊ लागतं. आणि डिझेलचा प्रत्येक स्फोट पेट्रोलपेक्षा दणकट असतो. शाफ्टला सलग रेटा न बसता हातोडीचे ठोके बसतात. पेट्रोलच्या काळात हयात गेलेला तीन गिअरचा डबा हे ठोके किती दिवस सोसेल, हा प्रश्न उरतोच.

चौकट: दगड, जॅक आणि खडू

तुमच्या जीपमध्ये कोणती क्राऊन-पिनियन आहे हे कागदांवर विसंबून ठरवू नका. चाळीस वर्षांत कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही. एका मिस्त्रीने आम्हाला दाखवलेली रीत अशी.

सपाट जागा बघा. पुढच्या चाकांना आणि एका मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. दगड विसरू नका, कारण या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो आणि तो सोडावाच लागतो. गाडी न्यूट्रल, फोर बाय फोर काढलेली. दुसरं मागचं चाक जॅकने उचला. टायरवर एक खडूची रेघ, प्रॉपेलर शाफ्टवर एक. एकाने चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून शाफ्टचे फेरे मोजायचे. गाडीखाली शिरायचं नाही.

एक चाक जमिनीवर अडकलेलं असल्यामुळे वरच्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक. शाफ्ट पाच फेरे आणि वर एक तृतीयांशाहून थोडा जास्त फिरला की समजा ५.३८. सव्वाचारच्या पुढे किंचित गेला तर ४.२७.

फार लांबही नको

गुणाकार कळला की माणसाला चेव येतो. ओव्हरड्राइव्हही टाकू, क्राऊन-पिनियनही लांब करू, वर ३१ इंची टायर. ८० ला इंजिन झोपाच काढेल! तसं होत नाही. समजा ३.७३ ची क्राऊन-पिनियन, ०.८ चा पाचवा आणि ३१ इंची टायर असा बेत केला. ताशी ६० ला इंजिन येतं १२५० च्या आसपास. सपाटीवर ढकलेल कसंबसं. पण शंभर मीटरला पाच मीटर असा साधा चढ लागला की हिशोब फिरतो. माझ्या अंदाजाने तेवढ्या चढावर दीड टनाच्या जीपला ६० ने जायला ३०-३२ अश्वशक्ती लागते आणि १२५० फेऱ्यांत हे इंजिन एवढी देऊ शकत नाही. गिअर खाली टाकावाच लागतो. नाही टाकला तर इंजिन घुसमटतं, धूर काढतं, बेअरिंगवर मार बसतो आणि डिझेलही जास्त जातं. याउलट ५.३८ आणि ०.८ च्या जोडीत त्याच चढावर इंजिन १९५० ला असतं आणि पाचव्यातच निघून जातं.

टायरची आणखी एक गंमत आहे. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, म्हणजे तो शाफ्टचे फेरे मोजतो, रस्ता नाही. २८ ऐवजी ३१ इंची टायर लावला की गाडी ११० किलोमीटर गेली तरी काटा ९९-१०० च दाखवतो. मग ‘एवढा खर्च केला आणि अ‍ॅव्हरेज उलट घटलं’ म्हणून रडारड. क्राऊन-पिनियन लांब केली तरी हेच. गिअरबॉक्स बदलला तर मात्र काटा खरं बोलतो. टाकी काठोकाठ भरून, रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून मोजा आणि पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरा.

परवडतं का?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. डिझेल पेट्रोलच्या मानाने इतकं स्वस्त होतं की इंजिन कसंही बसवलं तरी पैसे सुटायचे. पेट्रोलचे भाव २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले. आता महाराष्ट्रात दोघांत लिटरमागे दहा-पंधरा रुपयांचा फरक उरलाय. पेट्रोल १०३ आणि डिझेल ९० धरू. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणाऱ्याला आठच्या अ‍ॅव्हरेजने पेट्रोलचे साधारण ६४०० रुपये लागतील, बाराच्या अ‍ॅव्हरेजने डिझेलचे ३७५०. महिन्याला वाचले २६५०. इंजिन, डबा, अडॅप्टर, मजुरी मिळून दोन लाख गेले असं धरलं तर ते वसूल व्हायला सहा वर्षांच्या वर लागतात. रोज फिरणाऱ्याचं गणित वेगळं, रविवारी गडाच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्याचं वेगळं.

आणि कागद! मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ घडणीत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी कामाआधी घ्यायची असते, नंतर नाही. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल अशी गाडी अपघातात सापडली की विमा कंपनीला आयतं निमित्त मिळतं.

मित्राने शेवटी पाच गिअरचा डबा शोधला. अडॅप्टर प्लेट दोनदा करावी लागली, पहिली केंद्रात चुकली होती. बसवल्यावर आम्ही दगड मोजत एक टाकी ६० च्या वेगाने घालवली. लिटरला तेरा निघाले. मित्र खूश.

सहा महिन्यांनी विचारलं तर म्हणाला, पुन्हा अकरा. मी पंपाकडे संशयाने बघू लागलो, तर त्याची बायको हसली. आधी आवाजामुळे हा साठच्या पुढे जातच नव्हता. आता पाचव्यात गाडी शांत धावते, म्हणून सरळ ऐंशीने हाणतो. उभ्या काचेची, चौकोनी जीप. ६० वरून ८० वर गेली की वाऱ्याचा अडसर पावणेदोन पटीच्या वर जातो. पाचव्या गिअरने वाचवलेलं डिझेल हा वाऱ्याला देऊन टाकतो.

“अरे, पण आता बोललेलं ऐकू येतं,” मित्र म्हणाला.

“तेवढंच नुकसान,” वहिनी म्हणाल्या.